सहा दिग्दर्शक, एक कॅमेरा

मी आयुष्यात एकही सिनेमा केला नाही. सिनेमात कोणी काय करायचं, हे मात्र मी जळगावात बरीच वर्षं पोरांना ठरवून दिलं, आणि त्यासाठी मला नेमलेलं होतं. आता कोणी नेमत नाही, तेव्हा ते काम नेमकं काय होतं हे सांगायला हरकत नाही.

माझा मूळ धंदा लग्नाच्या शूटिंगचा. खानदेशात व्हिडिओ नवीन होता तेव्हा मी त्यात पडलो. लोक कॅमेरा दिसला की हलायचं थांबवायचे, फोटोची सवय होती म्हणून. 'भाऊ, हला, हे हलतं चित्र आहे,' असं नवरदेवाच्या काकांना सांगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. अशातच गावातल्या एका कॉलेजने एक वर्षाचा चित्रपट-निर्मितीचा संध्याकाळचा वर्ग काढला. कॅमेरा आणला. तो उघडल्यावर कोणतं बटण कशाचं हे कोणालाच कळेना, तेव्हा मला बोलावणं आलं. बटणं दाखवायला गेलो आणि तिथेच राहिलो. प्राचार्य मला 'सर' म्हणत, मुलं 'मुरलीभाऊ' म्हणत. मुलांचं बरोबर होतं.

वर्षाच्या शेवटी मुलांनी मिळून एक छोटी फिल्म करायची, असा नियम होता. बाहेरच्या माणसाला वाटतं, फिल्म म्हणजे कॅमेरा आणि नट. तसं नसतं. एक जण काय घ्यायचं ते ठरवतो, एक जण कॅमेरा धरतो, एक जण आवाज सांभाळतो, एक जण उजेड पाहतो, एक जण कालच्या शॉटमध्ये बाईच्या कोणत्या हातात पिशवी होती हे लक्षात ठेवतो, आणि एक जण चहा, गाडी, परवानग्या आणि रुसवे बघतो. कामं सहा, मुलं सहा. हिशेब सरळ होता. अडचण एवढीच, की सहाही जणांना दिग्दर्शक व्हायचं असे.

पहिल्या वर्षी मी म्हटलं, आपसात ठरवा. त्यांनी लोकशाही मार्गाने ठरवलं, की प्रत्येकाने आपापला प्रसंग दिग्दर्शित करायचा. त्या फिल्मचा नायक पहिल्या प्रसंगात दारुड्या होता, दुसऱ्यात देशभक्त, चौथ्यात त्याची आई वारली आणि पाचव्यात ती त्याला जेवायला वाढत होती. दुसऱ्या वर्षी मी चिठ्ठ्या टाकल्या. आवाजाची चिठ्ठी ज्याला निघाली त्याला उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं. आम्हाला ते फिल्म पूर्ण झाल्यावर कळलं. त्यालाही तेव्हाच कळलं असं तो म्हणाला.

तिसऱ्या वर्षी प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "सर, यंदा दाखवण्यासारखी फिल्म झाली नाही तर वर्ग बंद. कॅमेरा कार्यालयात राहील, पाहुण्यांच्या सत्काराला कामी येईल." मी बरं म्हटलं. त्यांच्यापुढे मी नेहमी 'बरं'च म्हणत असे.

त्या वर्षीची मुलं सांगतो. हेमंत जामनेरचा, अडत्याचा मुलगा. अंगाने काडी, केस मानेवर, आणि बोलायला लागला की समोरच्याचा चहा थंड. दिलीप मंडपवाल्याचा मुलगा. यशवंत पिंपळनेरकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा, कमी बोलणारा. दोन मुलांची नावं संजय होती. त्यांना आम्ही थोरला आणि धाकटा म्हणत असू, जरी ते एकाच वयाचे होते. सहावी शोभा तायडे, जळगावातल्याच मेहरूणची, वर्गातली एकटी मुलगी.

शोभाचं नाव दाखल करायला तिचे वडील स्वतः आले होते. शाळेत मास्तर, म्हणून सगळे त्यांना तायडे गुरुजी म्हणायचे. स्वच्छ पांढरा शर्ट, हातात छत्री. 'जयभीम' म्हणून बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "भाऊ, एक अट आहे. माझ्या आजीला लोक जत्रेत पुढे उभी करायचे. नाचायची ती, पोटासाठी. लोकांनी आमच्या बायकांकडे बघायचं, ते पुष्कळ बघून झालं. आता शोभाने बघावं, म्हणून मी तिला पाठवतोय. ती कॅमेऱ्याच्या मागे राहील. पुढे दिसली, तर त्या दिवशी हे सगळं बंद." आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत. मला त्या माणसाचा त्या दिवसापासून धाक वाटायला लागला, आणि आदरही.

कामं वाटायला मी यंदा पुस्तकातले शब्द बाजूला ठेवले. म्हटलं, घरी लग्न आहे आणि पंगत बसवायची आहे असं समजा. दिग्दर्शक म्हणजे यजमान. त्याने बादली उचलायची नाही, सगळे जेवले की नाही हे बघायचं. कॅमेरा म्हणजे आचारी, त्याने जे रांधलं तेच लोक खाणार. आवाज म्हणजे पाणी वाढणारा, तो नसला तरच आठवतो. उजेड म्हणजे मांडव. प्रत्येक घरात एक आत्या असते जी कोणत्या लग्नात कोणी कोणतं लुगडं नेसलं होतं हे विसरत नाही, तसा एक जण हवा. आणि रुसवे काढणारा एक. एवढं सांगितल्यावर पोरांना कळलं. या प्रत्येक माणसाला त्यांनी घरी पाहिलेलं होतं.

मांडव दिलीपकडे गेला, त्यावर चर्चाच नाही. आत्या धाकट्या संजयला केलं, कारण मी आदल्या सोमवारी काय घातलं होतं ते त्याने न विचारता सांगितलं. पाणी थोरल्या संजयकडे. शूटिंग यशवंतच्या गावी करायचं होतं, म्हणून व्यवस्था आणि रुसवे त्याच्याकडे. दिग्दर्शक हेमंत. त्याला दुसरीकडे कुठे बसवला असता तर त्याने तिथूनही दिग्दर्शनच केलं असतं.

कॅमेऱ्यासाठी मी सगळ्यांना एसटी स्टँडवर नेलं आणि ज्याला जे दिसेल ते घ्या म्हटलं. मुलांनी झूमचं बटण सापडल्याबरोबर सोडलं नाही. दिलीपने घेतलेलं पाहताना मला स्वतःला गाडी लागल्यासारखं झालं. शोभाने कॅमेरा एका जागी धरला. लांबून एक बाई डोक्यावर बोचकं घेऊन येत होती, ती चालत चालत अगदी जवळ आली आणि निघून गेली. मी विचारलं, झूम का नाही केलं? म्हणाली, "ती येतच होती की, भाऊ." कॅमेरा तिला दिला.

हेमंतच्या मूळ कथेत एक खून, एक कोर्ट आणि विमानतळ होता. जळगावात त्या वेळी यातलं कोर्ट तेवढं मिळण्यासारखं होतं. कापत कापत गोष्ट एवढीच राहिली: एक शेतकरी मुलीला नर्सिंग शिकायला धाडण्यासाठी फाट्यावर येतो, दोघं बाकावर बसून बसची वाट पाहतात, बोलण्यासारखं पुष्कळ असतं आणि ते बोलत नाहीत. बस येते, मुलगी जाते. बाप बसून राहतो.

बाप कोण, हे ठरायला वेळ लागला नाही. यशवंतचे वडील, आबा, तयार झाले. मुलगी कोण, इथे मात्र गाडी अडली. सगळ्यांनी शोभाकडे पाहिलं. शोभाने माझ्याकडे पाहिलं. मी तायडे गुरुजींची अट सगळ्यांना सांगून टाकली, म्हणजे पुन्हा कोणी तिच्याकडे बघायला नको. तेव्हा यशवंत म्हणाला, "आखाजीला आमची लताअक्का येते. तिला विचारतो."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि वर्षभराचं बोलून घेतात. लताअक्का, यशवंतची मोठी बहीण, लग्न होऊन तीनेक वर्षं झालेली, हसून हो म्हणाली. सासरी कळू द्यायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. प्राचार्यांकडून कॅमेरा आम्हाला मोजून चार दिवस मिळाला. पुढे त्यांच्याकडे सत्कार होता.

आम्ही धुळ्याला बस बदलून, साक्रीच्या पुढे त्या गावी पोचलो. ऊन असं, की बॅटरीच्या पेटीला हात लावायची सोय नव्हती. यशवंतच्या आईला सगळं घर माय म्हणत असे, आम्हीही म्हणायला लागलो. माय सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून द्यायची, आणि फाट्यावर दुपारी तेच खाऊन आम्ही कामाला लागायचो. कॅमेऱ्याला रंग खरे दिसावेत म्हणून आधी काहीतरी पांढरं दाखवावं लागतं. शोभा रोज आबांची टोपी मागून घ्यायची. आबा ती दोन्ही हातांनी द्यायचे.

हेमंत त्यांना म्हणाला, "आबा, मुलगी चाललीय, तुम्हाला दुःख झालंय, असं बसा."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. "पोर जाई राहिनी तं बाप कसा बसस, ते माले तू शिकाडशी?"

हेमंतने त्यांना त्यानंतर काही शिकवलं नाही. तीन दिवसांत बरंच काम झालं. लताअक्का कॅमेऱ्यापुढे घरात वावरावी तशी वावरत होती, आणि मला पहिल्यांदाच वाटायला लागलं, की यंदा दाखवण्यासारखं काहीतरी होणार. राहिला होता शेवटचा शॉट. बाप-लेक बाकावर बसलेले, कॅमेरा त्यांच्या पाठीमागे, समोर रस्ता. पिंपळनेरकडून साक्रीला जाणारी दुपारची बस येते, मुलगी उठते, बसमध्ये चढते, बस जाते, बाप एकटा दिसतो. ती बस दिवसातून एकदाच त्या वेळी यायची, म्हणजे शॉट रोज एकदाच मिळणार.

तिसऱ्या दिवशी सगळे जागेवर उभे राहिले. थोरला संजय बाकाखाली माइक लपवून वायर धरून बसला. दिलीप थर्माकोलचा तक्ता घेऊन उन्हाचा उजेड परतवत होता. लांबून बस दिसली. शोभाने कॅमेरा सुरू केला. बस आली, थांबली, दार उघडलं, आणि त्यातून लताअक्काचे सासरे उतरले.

ते सुनेला न्यायला एक दिवस आधीच आले होते. आता, सिनेमाच्या शिस्तीप्रमाणे कोणी हलायला नको होतं. पण व्याही दारात उतरलेला असताना खानदेशात न हलणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आबा हात जोडून उठले. लताअक्काने पदर घेतला आणि बसमध्ये चढायच्या ऐवजी सासऱ्यांच्या पाया पडली. यशवंत पाणी आणायला धावला. दिलीपने तक्ता टाकला आणि खुर्ची कुठे मिळते ते बघायला गेला. थोरला संजय नमस्काराला वाकला, त्याबरोबर माइक बाकाखालून बाहेर आला. आणि हेमंत, ज्याने 'कट' म्हणायचं, तो रांगेत आपला नंबर यायची वाट बघत होता. त्याचं त्या घराशी काही नातं नव्हतं. पण वडीलधारा माणूस दिसला की जामनेरचा मुलगा उभा कसा राहणार? कंडक्टरने सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि घंटी मारली. बस गेली. 'कट' कोणी म्हटलंच नाही, म्हणून शोभा शूटिंग करत राहिली.

व्याहींना खुर्ची मिळाली, पाणी मिळालं. त्यांनी कॅमेऱ्याकडे बोट केलं. "हाई कसानं मशीन शे, भो?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी यशवंतकडे. यशवंत म्हणाला, "ऊन मोजानं शे."

"मंग कितलं शे आज?"

शोभाने डोळा न काढता सांगितलं, "बेचाळीस."

"तितलंच वाटस," व्याही म्हणाले, आणि विषय संपला.

चहा झाला, शेवभाजीचं जेवण झालं, आणि व्याही सुनेला जीपने घेऊन गेले. लताअक्का जाताना शोभाच्या हातात हात देऊन म्हणाली, "बाई, मना शॉट राही गया." ती ते हसत म्हणाली, पण मला तिची हुरहूर दिसली. तिच्या अंगावर शॉटमधली हिरवी साडी होती. धाकटा संजय जीप दिसेनाशी होईपर्यंत त्या साडीकडे बघत उभा होता.

राहिला एक दिवस, एक बस, एक शॉट, आणि मुलगी नाही. ओसरीवर सगळे बसलो. मग हेमंत म्हणाला, "तसा तो पाठमोराच शॉट आहे. डोक्यावर पदर. चेहरा दिसणारच नाही. कोणी बसलं तरी..." आणि त्याने शोभाकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं, मी धरून.

शोभा म्हणाली, "पाठ पण माझीच आहे."

"कोणाला कळणार आहे?"

"मला."

दिलीप म्हणाला, कॅमेरा मी धरतो. त्यावर त्याला कोणी उत्तरही दिलं नाही. मला प्राचार्य दिसत होते, कार्यालयातल्या कपाटात गेलेला कॅमेरा दिसत होता. आणि पांढऱ्या शर्टातले गुरुजीही दिसत होते. मी म्हटलं, "शोभा कॅमेरा सोडणार नाही. बाकी काय करायचं ते यजमानाने बघावं."

यजमानाला काही सुचत नव्हतं. सुचलं ते मायला. ती चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. बाहेर आली, एकेका पोराला नीट न्याहाळलं. यशवंतला मिशी. दिलीप आडवा. दोन्ही संजय ताडासारखे. मग तिने हेमंतच्या मानेवरच्या केसांकडे बघत सांगितलं, "हाऊ चाली. याले मिशी बी नही आन कंबर बी नही."

हेमंत तासभर 'नाही'च म्हणत राहिला. त्याचं दुःख मला कळत होतं. घरी त्याच्या सोयरिकीची बोलणी चालू होती, आणि जामनेरला बातमी पोचायला वेळ लागत नाही. शेवटी म्हणाला, "बसतो. पण हे जळगावात कोणाला कळता कामा नये. कधीच. सगळ्यांनी शपथ घ्या." सगळ्यांनी घेतली. मीही घेतली. माझ्या वयाच्या माणसाला असली शपथ घेताना कसंतरी वाटलं, पण घेतली.

दुसऱ्या दिवशी मायने शेजारणीची हिरवी साडी मागून आणली. धाकटा संजय म्हणाला, काठ बारीक आहे. सगळ्यांनी मिळून त्याला गप्प केलं. हेमंतला साडी नेसवून मायने अंगणात चार फेऱ्या मारायला लावल्या. "पयू नको. बाईमाणूस बसमांगे पयत नही, बस थांबस," असं तो धावायला लागला की ती मागून सांगत होती. हेमंतने आयुष्यात तेवढं लक्ष देऊन कोणाचं ऐकलं नसेल.

फाट्यावर तो आबांशेजारी बसला. पदरातूनच सूचना देत होता. मग लांबून बस दिसली आणि तो गप्प झाला. आबांनी त्याच्याकडे वळून पाहिलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. हे कोणी सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी सासरच्या माणसांसमोर लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायचा राहून गेला असेल. हेमंतचे खांदे हलले. बस थांबली, तो सावकाश उठला, सावकाश चालत गेला, चढला. बस निघाली. आबा बाकावर बसून राहिले. शोभा तशीच उभी, श्वास धरून. आणि बस वळणावर गेल्यावर खिडकीतून, लांबून, 'कट' असं ऐकू आलं.

दिग्दर्शक त्या बसमधून पुढच्या गावापर्यंत गेला. तिथून एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर मागे एका बाजूला पाय टाकून परत आला. कंडक्टर काय म्हणाला ते त्याने आम्हाला कधी सांगितलं नाही.

संकलन माझ्या दुकानात झालं. दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवायचे, एकावर दाबायचं, दुसऱ्यावर उतरवायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. नावांच्या पाट्यांवरून पोरं पाच दिवस भांडली. लग्नपत्रिकेत नाव राहिलं म्हणून लग्नाला न जाणारी माणसं आमच्याकडे आहेत, त्यांचीच ही मुलं. पाठमोऱ्या शॉटबद्दल पाटीत काहीच नव्हतं. शपथ होती. त्याच दिवसांत मी शोभाला म्हटलं, पुढच्या लग्नसराईत माझ्याबरोबर कॅमेरा धरशील का? तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "बाबा फिल्म बघून सांगणार आहेत."

फिल्म कॉलेजच्या सभागृहात दाखवली. टेबलावर मोठा टीव्ही, शेजारी व्हीसीआर, आणि तो चालवायला मी. प्राचार्य पहिल्या रांगेत. हेमंतचे वडील जामनेरहून आले, सोबत सोयरिकीचे पाहुणे घेऊन, मुलगा काय करतो ते त्यांना दिसावं म्हणून. तायडे गुरुजी दुसऱ्या रांगेत कडेला, छत्री गुडघ्यांवर. शोभा त्यांच्या शेजारी.

फिल्म सुरू झाली आणि लोक गप्प झाले. आमच्याकडे सभागृह सहसा गप्प होत नाही. शेवटच्या शॉटला आबांचा हात त्या डोक्यावरून फिरला, खांदे हलले, आणि पाहुण्यांतल्या एक बाई डोळे पुसायला लागल्या. प्राचार्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, सुटलो.

दिवे लागले. टाळ्या चालू असतानाच तायडे गुरुजी माझ्याकडे आले. हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, शेवटी मुलगी बदलली. खांदे वेगळे आहेत, चाल वेगळी आहे. ती पाठमोरी कोण आहे?"

मास्तर माणूस. पाठीमागून पोरं ओळखण्यात त्यांची हयात गेलेली. मला शपथ आठवली. संघात मुलगी एकच होती, हे त्यांना माहीत होतं, आणि साडीत, डोक्यावर पदर घेतलेली शोभा त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी थोडा वेळ उत्तराची वाट पाहिली, आणि माझं गप्प बसणं हेच उत्तर समजले. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. ते वळले आणि म्हणाले, "शोभा, चल. झालं हे."

शोभाला सगळं कळलं. एक वाक्य बोलली असती तर काम झालं असतं. ती बोलली नाही. तिने पर्स उचलली आणि वडिलांच्या मागे निघाली. लग्नसराई गेली, कॅमेरा गेला, आणि ती मान खाली न घालता दाराकडे चालली होती. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही सांगता येणार नाही, कारण त्याआधी तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"गुरुजी, ती शोभा नाही," हेमंत म्हणाला. "तो मी आहे."

टाळ्या थांबल्या. कोणीतरी विचारलं, कोण?

"बाकावर पाठमोरी बसलेली. साडी नेसून मी बसलोय. शोभा कॅमेऱ्यामागे होती. ती एकदाही पुढे आली नाही. तिला म्हटलं होतं आम्ही, ती नाही म्हणाली."

त्याच्या वडिलांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. डोळे पुसणाऱ्या बाईंनी रुमाल पर्समध्ये ठेवला. (सोयरीक मोडली नाही. मुलीकडच्यांचं असं मत पडलं, की एवढ्या माणसांत हे सांगणारा पोरगा पुढे बायकोशी खोटं बोलणार नाही. याबाबत मी खात्री देऊ शकत नाही.) हेमंत उभाच होता, कानापर्यंत लाल. त्याला त्या दिवशी बसायला कोणी सांगितलं नाही.

तायडे गुरुजी दारापाशी थांबले होते. त्यांनी हेमंतकडे पाहिलं, मग शोभाकडे. बऱ्याच वेळाने परत आले, आपल्या जागेवर बसले, छत्री गुडघ्यांवर ठेवली आणि मला म्हणाले, "भाऊ, तो शेवट परत लावा."

मी कॅसेट मागे घेतली. पुन्हा तो बाक, तो रस्ता, आबांचा हात, ते हलणारे खांदे. या वेळी सगळं सभागृह हसलं. प्राचार्य हसले, पाहुणे हसले, हेमंतचे वडीलही शेवटी हसले. गुरुजी हसले नाहीत. ते पुढे वाकून, बस वळणावर जाईपर्यंत, आपल्या मुलीचं काम बघत होते.